रहिमानचाचांची म्हैस

डोळे मिटू नका, उघडेच ठेवा, आणि एक गल्ली बघा. कोल्हापुरातली, अरुंद. दोन्ही बाजूंना पेंटरांची दुकानं. आत एक माणूस, एक स्टूल, भिंतीला टेकवलेले पत्र्याचे बोर्ड आणि टर्पेंटाइनचा वास, एवढं असलं की दुकान झालं. गल्लीच्या तोंडाशी दूधकट्टा. तिथे गवळी म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. आता गल्लीच्या मधोमध, माझ्या दुकानाच्या पायरीवर, एक मुलगी उभी करा. दहा-अकरा वर्षांची. हातात पितळी चरवी. तुम्हीच ती आहात असं समजलात तरी चालेल. तिच्या जागी उभं राहिलं की ही गोष्ट चांगली दिसते.

मुलीचं नाव हौसा. कट्ट्यावर चंद्री नावाची म्हैस घेऊन येणाऱ्या आनंदीबाईंची ती धाकटी. शाळेच्या आधी ती गल्लीत रतीब घालायची. त्या दिवशी रतीब घालून झाला तरी ती गेली नाही.

"चाचा, एक इचारू?"

चाचा म्हणजे रहिमान मुजावर, गल्लीतले सर्वांत वयस्क पेंटर. ते माझ्या दुकानात चहाला आले होते.

"इचार की. इचारायला काय पैसं पडत न्हाईत."

"आमच्या शाळंला पन्नास वर्सं झाली. पुस्तक निघणार हाय, बाईंनी आणि पोरांनी लिवल्यालं. त्याच्या कव्हरावर तुमची म्हैस पायजे."

"कुठली, पाण्यातली?"

"तीच. कावळा बसल्याली."

ते चित्र तेव्हा कोल्हापुरातल्या प्रत्येक मुलाला माहीत होतं. पंचगंगेच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसलेली म्हैस, कपाळावर पांढरा चांद, डोळे अर्धवट मिटलेले आणि पाठीवर एक कावळा, जणू होडी तोच हाकतोय. चाळीस पानी वहीच्या कव्हरावर ते बरीच वर्षं छापून आलं होतं. चाचांनी ती म्हैस मनानं काढली नव्हती. घाटावर बसून चंद्रीवरूनच काढली होती.

"घे की," चाचा म्हणाले. "तुझ्याच म्हशीवरनं काढलंय. तुला न्हाई द्यायचं तर कुणाला?"

मी बशी खाली ठेवली. "चाचा, असं देता येणार नाही."

"का?"

"तुम्हाला माहीत आहे."

चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी वरच्या फळीकडे बघितलं. फळीवर वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा होता आणि त्यात ब्रश उभे होते, जाड, बारीक, एक तर केस झडून नुसती दांडी उरलेला.

हा डबा काय होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही पेंटर नुसते बोर्ड रंगवत नव्हतो. वह्यांची कव्हरं, लग्नपत्रिकांवरचे गणपती, कॅलेंडरं, उदबत्तीच्या पुड्यांवरची फुलं, सगळी चित्रं याच गल्लीतून जायची. प्रेसवाला एकदा पैसे द्यायचा आणि ब्लॉक झिजेपर्यंत छापायचा. ब्लॉक झिजला की नवा करायचा. कुणी जास्त मागितले तर तो समोरच्या दुकानात जायचा, आणि समोरचा कमीत द्यायचा, कारण त्याच्याही घरी माणसं होती.

मग एका वर्षी पूर आला. मदत गोळा करायला पत्रकं काढायची म्हणून एका प्रेसवाल्यानं चाचांकडे एक चित्र मागितलं. चाचांनी फुकट दिलं. कुणीही दिलं असतं. महिनाभरात तेच चित्र लग्नपत्रिकांवर आलं, आणि प्रेसवाला बाकीच्यांना सांगू लागला, "रहिमान फुकट देतो, तू कोण लागून गेलास?" त्या वर्षी गल्लीत कुणाच्याच चित्राला भाव मिळाला नाही.

म्हणून पुढे आम्ही मंडळ काढलं तेव्हा त्यातलं मुख्य कलम चाचांनी घातलं. त्यांचा हात चित्राला सरळ चालायचा आणि अक्षराला अडायचा, म्हणून ते बोलले आणि मी लिहिलं. मी, सुतार पेंटर, डिप्लोमा केलेला, तेव्हा चिटणीसपण माझ्याकडे आलं होतं. कलम असं: चित्र छापू देण्याचा हक्क सगळ्यांनी मंडळाकडे द्यायचा. प्रेसवाल्यांशी मंडळच बोलणार, मंडळच पैसे घेणार, आणि ज्याचं चित्र जेवढं छापलं जाईल तेवढा वाटा त्याला देणार. एकट्यानं कुणी छापायला द्यायचं नाही. विकत नाही, आणि फुकट तर नाहीच.

सह्या झाल्या. मग चाचा म्हणाले, "सही कागदात ऱ्हाती, कोण बघतंय? रोज दिसंल असं काहीतरी पायजे." त्यांनी आपला सगळ्यांत आवडता ब्रश त्या डब्यात टाकला. मागोमाग सगळ्यांनी टाकले. ज्याला मंडळातून बाहेर पडायचं असेल त्यानं आपला ब्रश उचलायचा. त्याचे हक्क त्याच्याबरोबर जातील. तोवर कुणी उचलला नव्हता. नुसती दांडी उरलेला ब्रश होता तो भोसले पेंटरचा. भोसले वारला होता, पण त्याचं कमळ अजून दोन छोट्या प्रेसमध्ये छापलं जायचं आणि वाटा त्याच्या बायकोकडे जायचा.

आता परत दुकानात या. हौसा अजून पायरीवर उभी आहे.

"ते कलम प्रेसवाल्यांसाठी," चाचा म्हणाले. "ही पोर हाय."

मी हौसाला विचारलं, "पुस्तक छापणार कोण?"

"मगदूममामा. फुकट छापून देणार हायत. त्यांनीच बाईंना सांगितलं, कव्हरावर ती पाण्यातली म्हैस मिळाली तरच छापतो म्हणून."

वह्यांचं मोठं काम कोल्हापुरात मगदूमांचंच होतं. मंडळ झाल्यापासून त्यांनी मंडळाशी बोलायचं टाळलं होतं. म्हशीचं कव्हर बंद करून त्यांनी गुलाबाचं काढलं, आणि दुकानदार त्यांना सांगत होते की पोरं गुलाबाच्या वह्या परत देतात, म्हैस मागतात. जुना ब्लॉक झिजून गेला होता. नवा करायचा तर मूळ चित्र पाहिजे, आणि सगळी मूळ चित्रं माझ्या दुकानातल्या लाकडी पेटीत, मंडळाच्या कुलपात होती. बाकीचे प्रेसवाले काय करायचं ते मगदूमांकडे बघून ठरवणार होते.

"बघितलंत का चाचा?"

"बघितलं. म्हणून पोरीला न्हाई म्हणू व्हय?"

"नाही म्हणू नका. मंडळ देईल ना. मी आत्ता सगळ्यांना विचारतो. सगळे हो म्हणतील. मंडळ शाळेला एकदा छापायला फुकट परवानगी देईल. मगदूमांनी फक्त कागदावर सही करायची, की चित्र मंडळाकडून घेतलं."

"तो करंल सही?"

मी बशी पुन्हा उचलली.

चाचा उठले. "म्हंजे बघ सुतार. चित्र मी काढलं. ह्या पोरीच्या म्हशीवरनं काढलं. हिची आई रोज मला दूध पाजती. आणि हिला चित्र द्यायचं तर मी त्या मगदूमाच्या सहीची वाट बघू? विकायचा हक्क दिला मी मंडळाला. फुकट द्यायचा बी गेला?"

"तोच आधी गेला, चाचा. तुम्हीच सांगितलं होतं."

"पण म्हैस आमची हाय की," हौसा मध्येच म्हणाली. "आमच्या म्हशीचं चित्र आमचंच न्हवं?"

"म्हैस तुमची," मी म्हणालो. "चित्र चाचांचं."

"आणि छापायचं?"

"छापायचं मंडळाचं."

हौसानं विचार केला. "म्हंजे आमच्याकडं नुसतं शेण."

चाचा हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी हात वर करून फळीवरच्या डब्यातून आपला ब्रश काढला, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी येतो. माझं चित्र काढून ठेव." आणि गेले.

डब्यात ब्रशांमध्ये एक फट पडली होती. हौसा ती बघत होती.

"चाचा रागावलं?"

"हो."

"माझ्यामुळं?"

"नाही. माझ्यावर थोडे, स्वतःवर जास्त."

ती पायरीवर बसली. चरवी दोन पायांत धरली. "मला वर्गात म्हशी म्हणत्यात," ती म्हणाली, तक्रार नव्हती, नुसतं सांगत होती. "दुधाचा वास येतो म्हणं माझा. मी सांगितलंय समद्यांना, पुस्तकावर आमची चंद्री येणार. बाई म्हणाल्या, आण बघू."

मग तिनं डब्याबद्दल विचारलं. मला मुलांना समजावून सांगायला आधीपासूनच आवडतं, त्यामुळे मी पुराच्या पत्रकापासून सुरुवात केली. ती चरवीवर हनुवटी टेकून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

"वरच्या धारंवानी हाय हे."

"कसली वरची धार?"

"कट्ट्यावर ठरलंय, वरची धार द्यायची न्हाई. पेला भरला की थांबायचं. एकदा नाना गवळी द्यायला लागला. पेला पिऊन झाला की वर एक धार, फुकट. मग समदी गिऱ्हाइकं त्याच्याकडंच. मग आईनं बी दिली. मग समद्यांनीच दिली. गिऱ्हाइकं हुती तेवढीच ऱ्हायली, आणि रेडकांना दूध उरंना. आमचं एक रेडकू मेलं."

"मग?"

"मग समदी बसली, आणि ठरलं. आता कुणीच देत न्हाई. आई मला बी देत न्हाई कट्ट्यावर. मी रडलो तरी न्हाई." आमच्याकडच्या मुली 'मी रडलो', 'मी येतो' असंच बोलतात. "घरी देती."

ती उठली, फ्रॉक झटकला आणि शाळेला गेली.

मी गल्लीत दुकानादुकानाच्या पायरीवर जाऊन विचारलं. शाळेला एकदा फुकट, याला कुणाची हरकत नव्हती. परवानगीचा कागद लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, चाचांची सोडून. दुपारी मगदूमांच्या प्रेसमध्ये गेलो.

मगदूम वाईट माणूस नव्हते. शुभ्र कपडे, कपाळाला बुक्का, आणि समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि पुन्हा घडी घालून परत केला.

"शाळेचं काम, सुतार. पुण्याचं काम. त्याला सही कशाला?"

"एकच ओळ आहे."

"ती एक ओळच तर नको. आज सही केली म्हणजे मंडळ आहे असं मी म्हणालो. मग जूनला तुम्ही वह्यांचं घेऊन येणार."

"येणारच."

"बघा, तुम्ही खोटं बोलत नाही, मीही बोलत नाही. असं बोलायला बरं वाटतं." त्यांनी चहा माझ्यापुढे सरकवला. "रहिमाननं ब्रश काढला म्हणे."

मी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. "काढला."

"मग उद्या मी चित्र त्याच्याकडूनच घेतो. त्याचं चित्र त्यानं मला द्यायचं. पोरीचं काम होईल, शाळेचं होईल, माझं होईल. तुमचंच तेवढं राहील."

"आणि भोसलेवहिनींचं."

"त्याला मी काय करू?" ते म्हणाले. खरंच विचारत असावेत असं वाटलं.

संध्याकाळी दिगंबर कोरे दुकानात आला. तो नंबरप्लेटा रंगवायचा. इकडचं तिकडचं बोलला आणि मग फळीकडे बघत म्हणाला, "सुतार, माझा ब्रश जरा दे की. बारीक अक्षराला तोच लागतो."

"इतके दिवस नाही लागला?"

"आता चाचाच निघालं म्हटल्यावर..."

"उद्या ये," मी म्हणालो. "उद्या काय ते देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली, चित्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. कलमाप्रमाणे ते आता चाचांचं होतं आणि अडवायचा मला अधिकार नव्हता.

चाचा आले. खिशात ब्रश तसाच होता. त्यांच्या मागे मगदूम, चित्र न्यायला हातात पुठ्ठ्याची लांब नळी घेऊन. दिगंबर समोरच्या पायरीवर येऊन बसला. आणखी दोघं-तिघं आपापल्या दारात उभे राहिले, काम करत असल्यासारखे.

चाचांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. ते चित्राच्या अगदी जवळ वाकले आणि इंच इंच बघत गेले, पाणी, गळा, चांद.

"कावळा बरा जमलाय," ते म्हणाले.

"फारच," मगदूम म्हणाले. "चला रहिमानभाई, तिकडं मशीन थांबवून ठेवलंय."

चाचांनी हात चित्रावर ठेवला. उचललं नाही, नुसता ठेवला.

"चाचा, थांबा. आधी हे बघा."

हौसा आली होती. आज चरवी नव्हती. कट्ट्यावरून पळत आली असावी, कारण धाप लागली होती. तिच्या हातात जुन्या कॅलेंडरचं एक पान होतं, आणि पानाच्या पाठीमागे पेन्सिलनं काहीतरी काढलं होतं. तिनं ते चाचांना दिलं.

मला आधी काही समजलं नाही. काळा डोंगर असावा असं वाटलं. मग डोंगराला खाली चार जाड पाय दिसले, त्यांच्या मध्ये कागदभर पसरलेली कास, आणि वर, फार लांब, मान वळवून मागे बघणारं लहानसं तोंड. कपाळावर चांद. एकच डोळा. काळं इतकं दाबून भरलं होतं की पेन्सिलीचं शिसं चकाकत होतं.

चाचांनी कागद डोळ्याजवळ धरला. "ही पाण्यातली न्हवं."

"न्हाई. धार काढताना अशी दिसती. मला कायम अशीच दिसती. काल शाळंतनं आल्यावर काढली. मधी हालली, म्हणून एक पाय जाड झालाय."

"माझं बघून काढलंस?"

"तुमचं कशाला बघू? चंद्री घरात हाय की."

चाचांनी कागद आपल्या चित्राशेजारी धरला. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. म्हैस तीच होती. बाकी काहीच तेच नव्हतं.

"इतकी वर्सं हिला बघतोय," चाचा मला म्हणाले, "पण तिच्या खाली कधी बसलो न्हाई."

मगदूमही बघत होते. चित्राची पारख त्यांना होती, ती मी नाकारत नाही. त्यांनी नळी काखेत धरली आणि चेहरा हळूहळू उजळला.

"हे तर उत्तम झालं," ते म्हणाले. "शाळेच्या पोरीचं चित्र शाळेच्या पुस्तकावर. याहून चांगलं काय? रहिमानभाई, तुमची म्हैस राहू दे तुमच्याकडं. चिटणीस, ही काही तुमच्या मंडळात नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"मग हिचं चित्र हिचं. कुणाला विचारायला नको, कुणाची सही नको." ते हौसाकडे वाकले. "दे बाळ. पुस्तकावर तर छापतोच, आणि जूनला वहीवर पण हीच घालू. सगळ्या कोल्हापुरात तुझी म्हैस. तुला चिडवणाऱ्या पोरींच्या दप्तरात सुद्धा तुझीच म्हैस." शाळेतल्या बाईंनी त्यांना तेही सांगितलेलं दिसलं. त्यांनी हात पुढे केला.

कलमं मीच लिहिली होती आणि मला पाठ होती. यावर त्यात एक अक्षर नव्हतं.

हौसानं चाचांकडे बघितलं.

"तुझं चित्र हाय, पोरी," चाचा म्हणाले. "तुला वाटंल तसं कर. हितं कोण तुला अडवत न्हाई."

तिनं माझ्याकडे बघितलं. "खरं आहे," मी म्हणालो.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. ते पुस्तक निघालं. कव्हरावर हौसाचीच म्हैस होती, आणि आतल्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे चित्र मंडळाच्या परवानगीनं छापलं. खाली मगदूमांच्या प्रेसचं नाव. जूनमध्ये वह्यांवर दोन म्हशी आल्या, एक पाण्यातली आणि एक धारेची, आणि दोन घरी वाटा गेला. दोन्ही म्हशी मंडळाच्या कुलपात गेल्यावर मगदूमांनी सही केली, मग बाकीच्यांनी केल्या, त्यामुळे भोसल्याचं कमळही फुलतच राहिलं. दिगंबरनं बारीक अक्षराला नवा ब्रश घेतला. चाचांचा जुना ब्रश अजून त्या डब्यात आहे, चाचा नाहीत.

पण त्या सकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. मगदूमांचा हात पुढे होता, चाचांचा ब्रश खिशात होता, आणि दिगंबर पायरीवरून फळीकडे बघत होता.

हौसानं चाचांच्या हातातून आपला कागद घेतला. मगदूमांना दिला नाही. माझ्या टेबलावर, चाचांच्या चित्राच्या शेजारी ठेवला आणि उडू नये म्हणून वर रंगाची डबी ठेवली.

"मामा," ती म्हणाली, "वरची धार न्हाई."

"काय म्हणते ही?" मगदूमांनी मला विचारलं.

मी सांगेपर्यंत तिनं स्टूल फळीखाली ओढलं होतं. स्टुलाचा एक पाय डगमगायचा. चाचांनी ते दोन्ही हातांनी धरलं. ती वर चढली, फ्रॉकच्या खिशातून पेन्सिल काढली. चंद्रीचं काळं भरून भरून ती अंगठ्याएवढी उरली होती. हौसानं डब्यात डोकावून बघितलं, ब्रशांमधली कालची फट शोधली आणि पेन्सिल त्यात सोडली. ब्रशांसारखी ती उभी राहिली नाही. सरळ तळाला गेली, आणि पत्र्याचा बारीक आवाज आला.

"सही आईची लागंल न्हवं?" तिनं वरूनच विचारलं. "मी ल्हान हाय."

"लागेल."

"मग मी आईला घेऊन येतो. तवर कुणी कागदाला हात लावू नका."

तिनं स्टुलावरून उडी मारली आणि कट्ट्याकडे पळाली. मी दारात येऊन बघितलं. चंद्रीची धार चालू होती, पुढे गिऱ्हाइकं उभी होती, आणि अर्ध्या धारेवरून आई उठणार नाही हे हौसाला माहीत होतं. म्हणून ती आईच्या शेजारी, म्हशीच्या पोटाखाली, उकिडवी बसली आणि पेला भरायची वाट बघू लागली.